कडेला किती चिकटायचं? सायकलवाल्यांचे प्रश्न

गेल्या अंकात कुठली सायकल घ्यावी यावर लिहिलं आणि शेवटी सहज म्हणून टाकलं की रस्त्यावर चालवायची भीती वाटत असेल तर कळवा. झालं, सायकल कुठली घ्यावी हे कोणी विचारतच नाहीये, सगळ्यांची पत्रं भीतीचीच आलीत. बरोबरच आहे म्हणा. सायकल ट्रॅक आपल्याकडे आहेत कुठे, आणि जिथे आहेत तिथे मध्येच झाड, मध्येच लाईटचा डीपी, मध्येच पाणीपुरीची गाडी. तेव्हा ट्रॅक नाहीच असं धरून चालायचं. मी पुण्यात तीसेक वर्षं सायकल चालवतेय, कोथरूड ते शिवाजीनगर, मेट्रोचं काम चालू होतं तेव्हाही चालवली. एक्सपर्ट वगैरे नाही, पण पडून पडून जे कळलं ते सांगते.

प्रश्न: ताई, मी 34 वर्षांची आहे, ऑफिस सात किलोमीटरवर आहे. रस्त्याच्या एकदम कडेने चालवते, मागून हॉर्न वाजला की अजून कडेला जाते. तरी महिन्याभरात दोनदा पडले, एकदा वाळूवरून घसरून आणि एकदा कारचं दार उघडलं म्हणून. अजून किती कडेला जाऊ? – एक वाचक, कोथरूड

अगं, तू कडेला जातेस म्हणूनच पडतेस. हे ऐकायला उलटं वाटतं, मलाही वाटायचं.

रस्त्याच्या कडेला काय असतं ते एकदा चालत जाऊन बघ. वाळू, काचा, ड्रेनेजची झाकणं, डांबर संपून पेव्हर ब्लॉक सुरू होतात तिथली दोन बोटांची पायरी, आणि त्या पावसाळी गटारांच्या जाळ्या. काही जाळ्यांच्या पट्ट्या रस्त्याच्याच दिशेने असतात, त्यात सायकलचं बारीक चाक अलगद जाऊन बसतं आणि आपण हँडलवरून पुढे. मोटरसायकलवाल्याला ती जाळी जाणवत पण नाही. म्हणजे रस्त्याचा सगळ्यात वाईट भाग आपण स्वतःहून मागून घेतो आणि वर त्याला सेफ म्हणतो.

दुसरं म्हणजे एकदम कडेला असलीस की मागच्याला वाटतं जागा आहे, जाईल गाडी. तो लेन न बदलता तुझ्या कोपराला घासून जातो. तेच तू कडेपासून साधारण एक मीटर आत असलीस तर त्याला तुला ओलांडायला थोडं उजवीकडे जावंच लागतं, म्हणजे त्याला तुझा विचार करावा लागतो, आणि सगळी गोम त्या विचार करण्यातच आहे. शिवाय कोणी अगदीच अंगावर आला तर डावीकडे सरकायला तुझ्याकडे एक मीटर शिल्लक असतो, कडेला चिकटलेल्याकडे काय असतं, फुटपाथचा दगड. जर्मनीत तर कायदाच आहे की शहरात सायकलला ओलांडताना गाडीने दीड मीटर अंतर ठेवायचं, आपल्याकडे असा आकडा सांगून कोणी देणार नाही, तेव्हा ते अंतर आपल्यालाच रस्त्यावरच्या आपल्या जागेवरून मिळवायला लागतं.

आता कारच्या दाराचं. पार्क केलेल्या गाड्यांच्या रांगेशेजारून जाताना दाराएवढी जागा सोडून वर अजून थोडी सोडायची. पूर्ण उघडलेलं दार जवळपास मीटरभर बाहेर येतं, म्हणजे गाड्यांपासून सव्वा-दीड मीटर लांब राहा. तू पंधरा-अठराच्या स्पीडने जात असशील ना, अठरा म्हणजे सेकंदाला पाच मीटर. दार उघडलेलं दिसून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातो, तोवर पाच मीटर संपलेले असतात, म्हणजे दार आलेलंच असतं. मला 2011 मध्ये असंच एका गाडीचं दार लागलं, मनगटाला प्लेट बसली, आणि ड्रायव्हर म्हणतो कसा, मॅडम तुम्ही एकदम कुठून आलात. एकदम नव्हते हो आले, तेरा वर्षं त्याच रस्त्याने येत होते. गाडीत बसणाऱ्या वाचकांनी एक करावं, उजव्या बाजूचं दार डाव्या हाताने उघडावं, की आपोआप मान मागे वळते आणि येणारी सायकल दिसते. याला डच रीच म्हणतात. घरच्यांना शिकवा, फुकट आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, सरळ चाल. दोन पार्क गाड्यांच्या मध्ये मोकळी जागा दिसली की लोक आत शिरतात आणि पुढची गाडी आली की परत बाहेर, साप जातो तसं. मागच्याच्या दृष्टीने तू गायब होतेस आणि परत उगवतेस. नको. तुझी रेघ आखलेली असल्यासारखी चाल, मग मागचा काय वाटेल ते वाजवू दे. पुण्यात हॉर्नचे दोनच अर्थ असतात, मी आलोय, आणि मी अजून आहेच. दोन्हीसाठी पडायची गरज नाही. पण एक मीटर म्हणजे रस्त्याच्या मधोमध पण नाही हं. रस्ता रुंद असेल आणि मागे रांग लागली असेल तर मोकळी जागा बघून क्षणभर बाजूला व्हायचं, जाऊ द्यायचं. अरुंद गल्ली असेल, जिथे गाडीला ओलांडायला जागाच नाही, तिथे मात्र बिनधास्त मध्ये राहायचं आणि गल्ली संपली की बाजूला व्हायचं.

प्रश्न: माझे वय 71. मी रोज सकाळी बाजारात सायकलने जातो. उजव्या बाजूने जातो कारण समोरून येणारी गाडी दिसते, मागून कोण ठोकेल त्याचा भरवसा नाही. पायी चालणाऱ्यांनाही असेच सांगतात ना? मुलगा रागावतो. – एक वाचक, सांगली

काका, मुलगा बरोबर आहे, पण त्याने नीट समजावून सांगायला पाहिजे होतं, रागवायला नको.

पायी चालणाऱ्याला सांगतात ते बरोबरच आहे, कारण तो गाडी दिसली की जागेवर थांबतो, एक पाऊल बाजूला टाकतो. सायकल बाजूला पाऊल टाकत नाही हो. आणि हिशोब बघा, तुम्ही 12 च्या स्पीडने आणि समोरची गाडी 40 ने, म्हणजे एकमेकांकडे 52 ने येताय. तेच तुम्ही त्याच दिशेने जात असाल तर ती तुमच्याजवळ फक्त 28 ने येते. त्याला तुम्हाला बघायला, स्पीड कमी करायला, वळसा घालायला जवळजवळ दुप्पट वेळ मिळतो.

पण खरा धोका समोरच्या गाडीचा नाहीच, बोळातून बाहेर येणाऱ्या गाडीचा आहे. बोळातून मेन रोडला डावीकडे वळणारा माणूस फक्त उजवीकडे बघतो, कारण गाड्या तिकडूनच येतात. तुम्ही येता त्याच्या डावीकडून. तो बघत नाही असं नाही, बघतो, पण दुसरीकडे. यात त्याची चूक काढता पण येत नाही.

मागून ठोकण्याची भीती आहे तर सायकलला आरसा लावा, हँडलच्या उजव्या टोकाला बसणारा मिळतो सायकलच्या दुकानात, शे-दोनशेचं काम. आणि मागे लाल लाईट, दिवसा पण चालू. तुम्हाला आठवत असेल, पूर्वी रात्री लाईट नसला की पोलीस पकडायचे, डायनॅमो चाकाला टेकवला की सायकल जड व्हायची, आणि सायकलवर नगरपालिकेचा कर भरल्याचा बिल्ला नसला तर वेगळीच भानगड. ते सगळं गेलं, आणि त्याच्याबरोबर लाईट पण गेला, जो जायला नको होता.

प्रश्न: मी कॉलेजला जातो, जालना रोडवरून. सरळ रस्त्यावर भीती वाटत नाही पण उजवीकडे वळायचं म्हटलं की पाय गळतात. तीन लेन ओलांडून मध्ये कसं जायचं? – विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

जायचंच नाही. सोप्पं आहे, उजवीकडे वळायचं असलं तरी सरळ जा, चौक ओलांडून पलीकडे डाव्या कडेला थांब, सायकल वळवून उजव्या दिशेला तोंड कर, तो सिग्नल सुटला की त्यांच्याबरोबर सरळ निघ. एका वळणाचे दोन सरळ तुकडे. मिनिटभर जास्त लागतो. लाज वाटत असेल तर उतरून झेब्रावरून ढकलत ने, ढकलताना तू पादचारीच असतोस. मी तीस वर्षांनंतर पण मोठ्या चौकात हेच करते.

छोट्या रस्त्यावर वळायचं असेल तर मात्र आधीपासून तयारी लागते. आधी मागे बघायचं, मग हात दाखवायचा, मग परत बघायचं आणि मगच सरकायचं, वळणाच्या तीस-चाळीस मीटर आधीपासून. लोक हात दाखवला की परवानगी मिळाली असं समजून वळतात. हात म्हणजे विचारणं आहे फक्त. आणि उजव्या खांद्यावरून मागे बघताना सायकल उजवीकडेच जाते, सगळ्यांची जाते, त्याची प्रॅक्टिस मोकळ्या ग्राउंडवर कर. जमिनीवर खडूने सरळ रेघ मार, रेघेवरून चालव आणि मागे मित्राला उभा कर, तो किती बोटं दाखवतोय ते सांगायचं. दोन संध्याकाळीत जमतं.

चौकाचं अजून एक. जिथे लेफ्ट फ्री असतो तिथे सरळ जाणाऱ्या सायकलवाल्याने डावीकडे चिकटून राहिलं की डावीकडे वळणाऱ्या सगळ्या गाड्या त्याला आडव्या जातात. म्हणून चौक यायच्या आधीच एक लेन आत ये, सरळ जाणाऱ्या गाड्यांच्या मागे रांगेत उभा राहा.

आणि ट्रक किंवा बस सिग्नलला उभी असेल तर तिच्या डाव्या बाजूच्या फटीत शिरून पुढे जायचं नाही. नाही म्हणजे नाही, कितीही उशीर झालेला असू दे. ड्रायव्हर उजवीकडे बसतो, उंच बसतो, त्याला डाव्या दाराखालचं काही दिसत नाही. आणि लांब गाडी वळते तेव्हा मागचं चाक पुढच्या चाकाच्या मार्गाने जात नाही, ते आत कापत येतं. म्हणजे पुढचा भाग तुझ्यापासून लांब गेलेला दिसतो, तुला वाटतं सुटलो, आणि मागचं चाक तुझ्यावर येतं. सायकलवाले यात मरतात, हे गोड करून सांगता येत नाही. आरशात तुला ड्रायव्हरचं तोंड दिसत नसेल तर त्याला तू दिसत नाहीस, एवढं धरून चाल. स्टॉपवर उभ्या बसचंही तेच, बस आणि फुटपाथच्या मधून जायचं नाही, तिथे माणसं उड्या मारून उतरत असतात. मागे थांब, पीएमटी असो नाहीतर एसटी, निघते ती कधीतरी.

प्रश्न: आमच्या शाळेतल्या मुली वाड्यावस्त्यांवरून सायकलने येतात, सरकारी योजनेतून मिळालेल्या सायकली आहेत. कारखाने सुरू झाले की रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग असते. थंडीत सकाळी अंधार आणि धुकं. आम्ही शिक्षकांनी काय करावं? – एक शिक्षक, इंदापूर तालुका

सर, हे पत्र वाचून मी बराच वेळ नुसती बसले. शहरातले लोक सायकल म्हणजे रविवारी लोणावळा समजतात, ट्रॅकची भांडणं करतात, आणि इथे आठवीतली पोर दोन ट्रॉल्यांच्या शेजारून शाळेत येते, तिच्यासाठी सायकल म्हणजे शाळा चालू राहणं आहे. नसती तर घरच्यांनी बंदच केली असती.

ट्रॉल्यांबद्दल आधी. मुलींना एवढं एक पाठ करून घ्या, चालत्या ट्रॉलीला ओलांडायचं नाही. ट्रॅक्टर हळू असतो, पंधरा-वीसने चाललेला असतो, म्हणून वाटतं की आपण पुढे निघून जाऊ. पण एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, सगळं मिळून लांबी किती होते ते सायकलवरून कळत नाही, अर्ध्यात पोचेपर्यंत समोरून गाडी येते. ट्रॉली लोडने झुलते, मागची तर जास्तच, आणि उसाच्या मोळ्या दोन्ही बाजूंनी हात-दीड हात बाहेर आलेल्या. वाढं, म्हणजे उसाचा शेंड्याकडचा पाला, सायकलच्या हँडलमध्ये अडकलं तर काय होईल ते सांगायला नको. उतार असेल तर अजून लांब राहायचं, कारण एवढं वजन ट्रॅक्टरच्या ब्रेकवर थांबत नाही. आणि ऊस ओढून घ्यायला मागे लागायचं नाही, हे पोरांना सांगा, ते ऐकणार नाहीत पण सांगा. आपण पण ओढलाय.

ट्रॉली मागून आली तर साईडपट्टीवर उतरून थांबायचं, ती पूर्ण गेली की निघायचं, आणि पूर्ण म्हणजे दुसरी ट्रॉली पण. पहिली गेली की पोरी रस्त्यावर येतात, हे मी डोळ्याने बघितलंय. फक्त उतरताना डांबराची कड बघायची, बऱ्याच ठिकाणी डांबर आणि मुरमात चांगली चार बोटं उंचीचा फरक असतो, परत वर चढताना तिरकं चढलं की चाक कडेला घासतं आणि पडायला होतं. थांबून, सायकल हाताने वर घ्यायची.

आता दिसण्याचं. यात शाळेला खरंच काहीतरी करता येईल. नंबरप्लेटवाल्या रेडियमवाल्याकडून लाल आणि पांढरी रेडियम पट्टी रोलने आणा. मागच्या मडगार्डवर लाल, पुढे चिमट्यावर पांढरी, आणि पेडलच्या दोन्ही बाजूंना जमेल तेवढी. पेडलची सगळ्यात कामाची असते कारण ती वर-खाली हलते, आणि हलणारी चमक बघितली की ड्रायव्हरला लांबूनच कळतं की हा माणूस आहे, किलोमीटरचा दगड नाही. दप्तरावर मागे आडवी एक पट्टी. एका शनिवारी शाळा सुटल्यावर सगळ्या सायकली रांगेत लावून दोन तासात होईल. नवीन सायकलला रिफ्लेक्टर येतात, ते मुली काढून टाकतात कारण खडखडतात, ते काढू देऊ नका, स्क्रू घट्ट करा.

त्याच दिवशी ब्रेक बघा. ब्रेकचे रबर घासून गुळगुळीत झालेले असतात आणि कुणाच्याच घरी लक्षात येत नाही. ओढणीला मागे गाठ मारायची, दप्तर पाठीवर, हँडलला डबा नाही पिशवी नाही, कारण पिशवी झुलून पुढच्या चाकात जाते. दोघी-तिघी शेजारी-शेजारी गप्पा मारत येतात, त्यात त्यांचं काही चुकत नाही, तो त्यांचा दिवसातला एकच मोकळा वेळ असतो, पण डांबरी रस्त्यावर एकामागे एक, आणि वस्तीच्या कच्च्या रस्त्याला लागलं की मग गप्पा. सगळ्यात धीट मुलगी मागे ठेवा, ती "गाडी!" ओरडेल.

आणि सर, कारखान्याला पत्र द्या. सीझनच्या सुरुवातीला कारखाने आणि आरटीओ ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावायची मोहीम काढतात, त्यात शाळेच्या रस्त्याचं आणि वेळेचं नाव घालून मागणी करा, मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याने. गळीत सुरू असेपर्यंत शाळा अर्धा तास उशिरा भरवता आली तर सगळ्यात चांगलं, उजेड हा फुकटचा रिफ्लेक्टर आहे.

प्रश्न: मुलगा 11 वर्षांचा, क्लासला सायकलने जायचं म्हणतो. सोसायटीत मस्त चालवतो. पाठवू का? – एक आई, नाशिक

सोसायटीत चालवणं आणि रस्त्यावर चालवणं यात विहीर आणि नदीइतका फरक आहे. मुलांना हँडल लवकर जमतं, पण लांबून येणारी गाडी किती जोरात येतेय हे ओळखणं उशिरा जमतं. जर्मनीत आठ वर्षांपर्यंतच्या मुलांनी फुटपाथवरूनच सायकल चालवायची असा नियम आहे आणि दहापर्यंत मुभा. आपल्याकडे फुटपाथवर मोटरसायकली असतात, तर तो प्रश्न मिटला.

पंधरा दिवस तुम्ही किंवा बाबा दुसऱ्या सायकलवर त्याच्या मागे जा. पुढे नाही, मागे, थोडं उजवीकडे. पुढे गेलात तर तो तुमच्या चाकाकडे बघत येतो, रस्त्याकडे नाही. मागून बोलत राहा, "पुढे काय दिसतंय, रिक्षा का थांबली असेल, त्या गाडीत माणूस बसलाय का". क्लासचा रस्ता जवळचा नको, शांत निवडा, आतल्या गल्ल्यांतून दहा मिनिटं जास्त लागली तरी. मग एक दिवस त्याला म्हणा की आज तू आम्हाला रस्ता शिकव. तो काय काय सांगतो त्यावरून तुम्हालाच कळेल पाठवायचं की नाही, माझी गरज नाही.

आणि सायकल त्याच्या मापाची आहे ना? आपल्याकडे वाढत्या अंगाचा युनिफॉर्म घेतात तशी वाढत्या अंगाची सायकल घेतात. सीटवर बसून दोन्ही पायांचे चवडे टेकले पाहिजेत आणि ब्रेकपर्यंत बोटं नीट पोचली पाहिजेत. नसतील पोचत तर आधी ते.

प्रश्न: घरात मोटरसायकलचं हेल्मेट आहे, तेच वापरलं तर चालेल का? की लागतंच नाही? – एक वाचक, डोंबिवली

सायकलला हेल्मेटची कायद्याने सक्ती नाही, पण घाला. मोटरसायकलचं नको, जड असतं, हवा लागत नाही, मान अवघडते, दोन दिवसांनी खुंटीला लागेल. सायकलच्या हेल्मेटवर आत ईएन 1078 (युरोपचं सुरक्षेचं मानक) किंवा सीपीएससी (अमेरिकेचं) असं लिहिलेलं बघून घ्या. पट्टा हनुवटीखाली दोन बोटं जातील एवढा, आणि हेल्मेट कपाळावर, मागे टोपीसारखं सरकवलेलं नाही. एकदा जोरात आपटलं की टाकून द्यायचं, वरून चांगलं दिसलं तरी आतला फोम दबलेला असतो. बाकी हेल्मेट पडल्यानंतर कामाला येतं, न पडण्यासाठी वर लिहिलेलं सगळं आहे.

प्रश्न: पावसाळ्यात सायकल बंद ठेवावी का? खड्डे चुकवताना जीव जातो. – एक वाचक, पनवेल

बंद नका ठेवू, पण स्पीड खाली आणा. पहिल्या दोन-तीन पावसांत रस्त्यावरचं ऑइल वर येतं, तेव्हा सगळ्यात घसरतं, नंतर धुऊन जातं. झेब्राचे पांढरे पट्टे, लोखंडी झाकणं, पुलाच्या जोडाची लोखंडी पट्टी, यांच्यावर ओल्यात ना वळायचं ना ब्रेक दाबायचा, सरळ जाऊ द्यायचं. रेल्वे फाटक ओलांडताना रुळाला काटकोनात. रिमला रबर लागणारे ब्रेक असतील तर भिजल्यावर सुरुवातीला काहीच धरत नाहीत, आधी पाणी पुसलं जातं मग पकडतात, म्हणून लवकर आणि हलके दाबत जा.

पाण्याने भरलेलं डबकं म्हणजे विहीर समजायची. त्यात काय आहे ते पुढची मोटरसायकल आत गेल्यावर कळतं, तिला आधी जाऊ द्या. खड्डा दिसला की पहिली चूक म्हणजे दचकून उजवीकडे वळणं, तिथे मागून येणाऱ्याला काही कळायच्या आत तुम्ही त्याच्या समोर. लांबून बघा, मागे बघा, मग हळूहळू सरका. अगदीच अंगावर आला तर खड्ड्यातून जा, खरंच. ब्रेक सोडा, दोन्ही पेडल जमिनीला समांतर करा, सीटवरून जरा उठा, कोपर सैल. फार तर पंक्चर होईल, रिम वाकेल. रिम बदलून मिळते.

उड्डाणपुलांबद्दल पण बऱ्याच जणांनी विचारलंय. सायकल बंदीचा बोर्ड असेल तर प्रश्नच नाही, एक्सप्रेसवे पण आपल्यासाठी नाही. बोर्ड नसला तरी मी खालून जाते. नळ स्टॉपचा पूल 2022 मध्ये सुरू झाला, एकदा हौस म्हणून वरून गेले, चढावर माझा स्पीड आठ आणि मागच्यांचा साठ. परत नाही गेले.

प्रश्न: मला मोटरसायकलने उडवलं, पाय फ्रॅक्चर झाला, 80 हजार खर्च आला. सायकलचा विमा नव्हता म्हणून गप्प बसलो. काही करता येतं का? – एक वाचक, अहिल्यानगर

गप्प नका बसू. सायकलचा विमा लागतच नाही, ज्या गाडीने उडवलं तिचा थर्ड पार्टी विमा असतो ना, तो तुमच्यासारख्यांसाठीच असतो. पोलिसांत नोंद, गाडीचा नंबर, दवाखान्याची बिलं आणि कागद गोळा करा आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करा. एप्रिल 2022 पासून कायद्यात अर्जाला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे, तेव्हा आजच एखाद्या वकिलाला भेटा. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही तरी सरकारची वेगळी भरपाई आहे, गंभीर जखमीला 50 हजार आणि मृत्यू झाला तर वारसांना दोन लाख.

आणि बाकीच्यांसाठी, पडलेल्या सायकलवाल्याला उचलायला घाबरू नका, मदत करणाऱ्याला पोलीस अडकवू शकत नाहीत, 2019 च्या दुरुस्तीनंतर तसं कायद्यातच आहे. 108 ला फोन करा. मान दुखतेय म्हणत असेल तर उठवून बसवू नका, पाणी पाजायची घाई नको.

प्रश्न: पहाटे कुत्री मागे लागतात. – एक वाचक, सातारा

सायकल पळवू नका, पळणाऱ्याच्याच मागे लागतात. स्पीड कमी करा, आवाज चढवून "हाड" म्हणा. तरी नाही गेली तर उतरा, सायकल तुमच्या आणि कुत्र्याच्या मध्ये ठेवा, चालत पुढे जा. त्याचा एरिया संपला की ते परत जातं. रोज तेच कुत्रं असेल तर एक दिवस बिस्किटाचा पुडा घेऊन जा, माझं प्रभात रोडवरचं प्रकरण असंच मिटलं.

प्रश्न: मी सहावीत आहे. मी घंटी वाजवते पण कोणीच हलत नाही. मोठा हॉर्न लावू का? – एक छोटी वाचक, रत्नागिरी

नको गं. घंटी पायी चालणाऱ्यांसाठी असते, गाडीवाल्याच्या काचा बंद, एसी चालू, गाणी चालू, त्याला तुझी ट्रिंग ट्रिंग काय ऐकू येणार. मोठा हॉर्न लावलास तर आजी दचकून पडतील आणि गाडीवाल्याला तरीही ऐकू येणार नाही. हात ब्रेकवर ठेव आणि तोंडाने ओरड, घंटीसाठी अंगठा हलवेपर्यंत उशीर होतो. मी "ओ दादा, दार!" असं ओरडते, आता इतकी सवय झालीय की परवा बसमध्ये बसले होते, खिडकीतून कोणीतरी कारमधून उतरताना दिसलं आणि ओरडले. सगळी बस बघायला लागली.